पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून बाबांच्या कॅसेटींचा खोका खाली आला. बहुतेक कॅसेटींवर बाबांचं टपोरं अक्षर: राग, रेडिओ, तारीख. एका कॅसेटवर मात्र दोन अक्षरं होती. वर बाबांचं, ‘मारवा, रात्री १०’. खाली निळ्या शाईत माझं, नववीतलं: ‘आणि सरगम. कृपया पुसू नये.’ ही सूचना ज्याने लिहिली, त्यानेच अर्धा मारवा पुसला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा अजून अधूनमधून काढतात.

गोष्ट १९८७ची. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात समोरच्या बिऱ्हाडातले काका भोसरीला कारखान्यात होते. एका संध्याकाळी ते स्कूटरच्या पायाशी एक खोका ठेवून आले, आणि वाड्यात कॉम्प्युटर आला. डीबी स्पेक्ट्रम प्लस. क्लाइव्ह सिंक्लेअरने १९८२ साली इंग्लंडात आणलेला स्पेक्ट्रम ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात परवाना घेऊन आपल्याकडे विकणारी कंपनी पुण्यातली होती, डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्स. आवाज मोजायच्या एककाचं नाव, आणि यंत्राचा आवाज एवढासा की, चौकात विठ्ठलाच्या देवळात आरती सुरू झाली की ऐकू येईनासा व्हायचा. काळ्या कीबोर्डच्या पोटातच सगळा कॉम्प्युटर होता, ४८ केबी मेमरी होती, आणि आत एक छोटा स्पीकर होता. आवाजासाठी वेगळी चिप नव्हतीच. प्रोसेसरने स्पीकरच्या पडद्याला ढकलायचं आणि सोडायचं, एवढंच. मधलं काही नाही. जोरात ढकल, हळू ढकल, असलाही प्रकार नाही. सेकंदाला किती वेळा ढकलतो त्यावर सूर ठरायचा आणि बीप वाजत असेपर्यंत बेसिकमधलं बाकी सगळं काम ठप्प. गाताना गाणं, नाहीतर काम.

त्याच सुमारास परदेशातल्या मुलांकडे कमोडोर ६४ होता आणि त्याच्यात तीन स्वतंत्र आवाजांची सिड चिप होती. सरकारी ‘क्लास’ योजनेत काही शाळांना मिळालेल्या बीबीसी मायक्रोतही आवाजाची चिप होती. चालू करताच तो ‘बूऽ-बीप’ असं दोन सुरांत बोलायचा. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, त्यामुळे दुःखही नव्हतं.

स्पेक्ट्रमला डिस्क नव्हती. प्रोग्रॅम साठवायचा तो कॅसेटवर, साध्या टेपरेकॉर्डरने. तेव्हा वाड्यात करार झाला: कॉम्प्युटर त्यांचा, टेपरेकॉर्डर आमचा. आमचा म्हणजे बाबांचा. बाबा बँकेत होते, पण ते पोटासाठी. खरा जीव गाण्यात. पुणे केंद्रावरची शास्त्रीय संगीताची सभा ते टेप करून ठेवायचे, आणि त्या यंत्राला हात लावायचा तर आधी हात धुवायला लागायचे. त्यांनी ते यंत्र समोर न्यायला परवानगी कशी दिली, याचं मला आजही नवल वाटतं.

लोड करायचं म्हणजे एक विधीच असायचा. कॅसेट पेन्सिलीने फिरवून जागेवर आणायची. हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवायचा. आवाज सातावर, ट्रेबल पूर्ण. मग ‘लोड’, दोन वेळा अवतरणचिन्ह, एंटर, आणि टेपचं बटण. आधी एक लांब, सरळ सूर यायचा, एखाद्या हट्टी मुलाने एका दमात ओढलेला. मग क्षणभर खरखर. मग पुन्हा सूर, आणि त्यानंतर तो प्रसिद्ध कोलाहल: कढईत मोहरी तडतडावी आणि त्याच वेळी कुणीतरी पत्रा फाडावा तसा. टीव्हीच्या पडद्याच्या कडेला पट्टे धावायचे. ते लाल-निळसर आणि निळे-पिवळे असतात, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. काकांचा टीव्ही कृष्णधवल होता. पूर्ण मेमरीभर खेळ असेल तर चार-पाच मिनिटं हे चालायचं, आणि आम्ही मुलं श्वास रोखून, मांडी न हलवता बसायचो. वाड्याचा जिना कुणी धाडधाड उतरलं तर लोडिंग बिघडतं, अशी आमची श्रद्धा होती. शेवटी खेळ तरी यायचा, नाहीतर खाली एक ओळ: ‘आर टेप लोडिंग एरर’. मग छोट्या स्क्रू ड्रायव्हरने हेडचा स्क्रू किंचित पिळायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

आठवड्याभरात कान तयार झाले. कोलाहल ‘स्वच्छ’ आहे की ‘घोगरा’, हे ऐकूनच लोड होणार की नाही ते सांगता यायचं. आज हे सांगितलं तर लोक हसतात, पण त्यात गूढ काही नाही. तो आवाज म्हणजेच माहिती होती. शून्यासाठी एक लांबी, एकसाठी बरोबर दुप्पट लांबी. म्हणजे आपल्या भाषेत, एक हा मध्य सप्तकातला सा धरला तर शून्य हा तार सा. अख्खा खेळ म्हणजे दोन षड्जांमधलं लक्षावधी वेळा केलेलं येणं-जाणं. आणि सुरुवातीचा तो हट्टी सूर? स्पेक्ट्रमचं घड्याळ सेकंदाला ३५ लाख ठोके द्यायचं आणि त्यातल्या २,१६८ ठोक्यांनी स्पीकरची स्थिती बदलायची. हिशेब केला की सेकंदाला साधारण ८०७ कंपनं येतात. पेटीवर शोधायला जाल तर सापडणार नाही. पांढरी पाच ७८४वर, काळी चार ८३१वर. हा बरोबर दोघींच्या मधल्या फटीत उभा.

पेटीचा विषय निघाला की बाबांना चेव यायचा. ते पेटीविरोधी पंथातले. पुण्यात असा पंथ आहे आणि त्याचे सभासद अजून ठणठणीत आहेत. आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीवर बंदी घातली होती, ती उठवली हीच चूक, असं त्यांचं मत. ‘बारा खुंट्या, आणि बावीस जणांचे कपडे टांगायचे!’ असं म्हणायचे. बावीस म्हणजे बावीस श्रुती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, यांनी याच बावीस श्रुतींचं गणित मांडून १९१० साली पुण्यात पुस्तक छापलं होतं. त्याचा उल्लेख बाबा घरातल्या वडीलधाऱ्यांचा करावा तसा करायचे. त्यामुळे समोरच्या बिऱ्हाडातला ‘तो पिपाणीवाला डबा’ त्यांच्या लेखी पेटीच्याही खालच्या जातकुळीचा होता.

काकांनी अप्पा बळवंत चौकातून मूळ स्पेक्ट्रमच्या मॅन्युअलची झेरॉक्स स्पायरल करून आणली होती. स्टीव्हन व्हिकर्सने लिहिलेलं ते मॅन्युअल अजूनही मला वाचनीय वाटतं. त्यात ‘बीप’वर एक प्रकरण आहे. बीपला दोन आकडे द्यायचे: किती सेकंद, आणि कुठला सूर. शून्य म्हणजे मधली पांढरी एक, मग एकेका अर्ध्या सुराने वर. पुढे मॅलरच्या सिंफनीतला एक तुकडा वाजवून दाखवलाय. आणि प्रकरणाच्या ओघात, अगदी सहज, असं सांगितलंय की काही संगीतांत, उदाहरणार्थ भारतीय संगीतात, अर्ध्या सुराहून बारीक अंतरं असतात, तर अपूर्णांक द्या, चालतील.

ते वाचून मी झेरॉक्स घेऊन धावत घरी आलो. बाबांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी बाबा गवसणीतला तानपुरा घेऊन वाड्याचं अंगण ओलांडून समोर गेले. चौकातल्या नळावरच्या बायकांनी भांडी घासणं थांबवलं.

बाबांचा सूर काळी एक. यंत्राचा शून्य पांढरी एकवर. बाबांनी खुंट्या पिळून तानपुरा खाली आणला. खरं तर सगळ्या आकड्यांत एकेक मिळवून यंत्रच चढवता आलं असतं, पण हे ना मला सुचलं ना काकांच्या मुलाला. बाबांनी पाहुण्याच्या सोयीने तानपुरा उतरवला, एवढं खरं. आवाज फारच बारीक, म्हणून यंत्राच्या मागच्या भोकातून वायर टेपरेकॉर्डरला जोडून मोठा केला. मग मी सरगम टाइप केली: ०, २, ४, ५, ७, ९, ११, १२. बाबा तानपुरा छेडत राहिले. सा ठीक. पंचमाला मान हलली. गंधाराला कपाळावर आठी.

‘उतरव.’

३.९ दिला. ‘अजून.’ ३.८. ‘फार झालं, जरा वर.’ तानपुऱ्याची खर्जाची तार नीट जुळली असेल तर तिच्यातून एक गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात तो. कुणी वाजवलेला नसतो. बाबा त्याच्याशी डब्याचा गंधार ताडून बघत होते. ३.८५ला दोन्ही आवाज एकमेकांत असे मिसळले की स्पीकर बंद झाला की काय असं वाटलं. बाबांनी डोळे मिटले होते. ‘हां,’ एवढंच म्हणाले. पुढे कॉलेजात लॉगरिदम हाताशी आल्यावर मी हिशेब केला: शुद्ध गंधाराचं पाचास चार हे प्रमाण या मोजपट्टीवर ३.८६ येतं. कानाने काढलेलं उत्तर एक शतांशाने चुकलं होतं. यंत्राची अचूकताही साधारण तेवढ्यावरच संपत होती, त्यामुळे दोष कुणाचा ते सांगता येत नाही.

मीड मात्र जमली नाही. बाबांना सावरून घेतलेला, खालून येणारा रिषभ हवा होता. मी लूप लिहिलं, सेकंदाच्या शंभराव्या भागाचे बीप, दशांशाने चढणारे. जे ऐकू आलं ते जिन्यावरून घसरत जाणाऱ्या डालड्याच्या डब्यासारखं. प्रत्येक बीपच्या मधे एक टिचकी. बाबा हसले आणि तानपुरा गवसणीत गेला. तो प्रोग्रॅम मी त्या दिवशी घाईत, हाताला लागेल त्या कॅसेटवर साठवला. मारव्याचं प्रकरण ते हेच.

नंतरचा काळ पटकन सांगून टाकतो, कारण तो सगळ्यांचा सारखाच आहे. कॉलेजात पीसी आला. १९८१च्या आयबीएम पीसीतही आवाजाची सोय तशी गरिबीचीच: एक टायमर चिप आणि स्पीकर. पण टायमर वेगळा, त्यामुळे प्रोसेसरला गाता-गाता काम करता यायचं. जीडब्ल्यू बेसिकच्या ‘साउंड’ला थेट कंपनसंख्या द्यायची. गांधर्वच्या परीक्षेला पाठ केलेले आकडे, सा २४०, ग ३००, प ३६०, तसेच्या तसे टाइप केले की वाजायचे. टर्बो सीमधे ‘साउंड’ लिहून ‘नोसाउंड’ विसरलं की प्रोग्रॅम संपला तरी सूर चालूच. सगळी लॅब वळून बघायची, सर हातातला खडू ठेवून शांतपणे विचारायचे, ‘कुणाचं बाळ रडतंय?’ डिगरमधे ते ‘पॉपकॉर्न’चं गाणं, प्रिन्सच्या तलवारीची खणखण, पॅराट्रूपरची फटफट, सगळं त्याच रुपयाएवढ्या चकतीतून.

आणि चालू होतानाची ती एक बीप. सगळं ठीक, असं सांगणारी. एक लांब आणि दोन आखूड आल्या तर डिस्प्ले कार्ड. लांब बीप थांबेचना तर रॅम. दुरुस्तीवाला फोनवरच म्हणायचा, ‘साहेब, फोन जरा कॅबिनेटजवळ धरा,’ आणि मग, ‘रॅम काढा, खोडरबराने पुसा, परत लावा.’ नाडीपरीक्षा टेलिफोनवरून व्हायची, फी न घेता.

साउंड कार्ड आमच्या घरी १९९६ला आलं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत वायरी आणि स्पीकर घेतले, कार्ड आणि सीडी ड्राइव्ह ‘मल्टिमीडिया किट’ या भारदस्त नावाखाली एकत्र मिळालं. तोवर जगात बरंच घडून गेलं होतं. कॅनडाच्या ॲडलिबने १९८७ साली यामाहाची नऊ आवाजांची एफएम चिप बसवलेलं कार्ड काढलं. सिंगापूरच्या सिम वाँग हूच्या क्रिएटिव्हने १९८९ साली तीच चिप घेऊन वर ध्वनिमुद्रित आवाजाची सोय जोडली आणि साउंड ब्लास्टर म्हणून बाजार मारला. माझ्या पिढीतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, ‘ए२२० आय५ डी१’ धडाधड म्हणेल. रामरक्षेत चुकेल, यात नाही. ऑटोएक्झेक फाइलीत ही ओळ आणि कार्डावरचे जंपर यांचं पटलं नाही तर खेळ मुका, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘हॅ-हॅ-हॅ-हॅ’ करत एका अक्षरावर अडकलेला.

बाबांना बोलावून दाखवलं. सोबत आलेल्या प्रोग्रॅममधे सतार नावाचा आवाज होता. पडद्यावर पियानोच्या पट्ट्या. माऊसने दाबल्या. बाबांनी सरगम ऐकली आणि विचारलं, ‘गंधार उतरवता येतो का?’

शोधलं. त्या प्रोग्रॅमात तशी जागाच नव्हती. चिप बिचारी करू शकली असती. तिला आकडे दिले की ती वाटेल तो सूर लावते. पण तिच्यापर्यंत पोचायच्या वाटेवर कुणीतरी बारा पट्ट्यांचं दार बसवलं होतं. सतार, सनई, बासरी, शेकड्याने वाद्यं, आणि सगळी पेटीच्या पंथातली. त्या भुक्कड डब्याला जे मॅन्युअलच्या एका ओळीत जमत होतं, ते इथे अर्धा दिवस खपून सापडलं नाही. बाबांनी काही शेरा मारला नाही. ‘सीडी लाव,’ म्हणाले. ती मात्र अप्रतिम वाजली, आणि त्यानंतर त्या कार्डाचा त्यांनी सीडी ऐकण्यापलीकडे कशाशी संबंध ठेवला नाही. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. सीडीच्या एका मिनिटाला दहा एमबीहून जास्त जागा लागते. स्पेक्ट्रमच्या ४८ केबीत तसा आवाज पाव सेकंदापेक्षा थोडाच जास्त मावला असता. एका आलापातला श्वास घेण्याएवढा.

पुढे डायल-अप आलं तेव्हा मॉडेमची किंकाळी ऐकून घरात सगळ्यांनी कान झाकले. मला मात्र ती नातेवाइकासारखी वाटली. वाड्यात ऐकलेली तीच भाषा, आता टेलिफोनच्या तारेवरून. लागेल की एंगेज येईल, हे मी पहिल्या चार सेकंदांत सांगायचो.

वाडा पडला, त्या जागी लिफ्टची इमारत आहे. डेस्कटॉपमधली चकती कधी गेली ते कळलंच नाही. आवाजाची चिप मदरबोर्डवरच आल्यावर कार्डांचा बाजार आटला. मग कॅबिनेटमधे स्पीकर बसवणंही बंद झालं. विंडोज ७पासून तर प्रोग्रॅमने मागितलेली बीपसुद्धा साउंडच्याच वाटेने येते, म्हणजे हेडफोन लावला असेल तर यंत्राची हाक बाहेर कुणाला ऐकू जात नाही. रॅम सैल झाली तर नवीन बोर्ड एक दिवा लावून गप्प बसतो. माझ्या मुलीचा लॅपटॉप चालू होताना काहीही म्हणत नाही. तिला विचारलं तर म्हणते, ‘का म्हणावं?’ याला माझ्याकडे उत्तर नाही.

बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. तारा बदलायला बोटं साथ देत नाहीत म्हणून तानपुरा कोपऱ्यात उभा, आणि उशाशी फोनवर तानपुऱ्याचं ॲप. त्यात सूर शतांशाने वर-खाली करता येतो. ते तसा करतात, रोज, आणि मग ‘बरं आहे’ म्हणतात. त्यांच्या तोंडून ही फार मोठी पावती.

तर ती कॅसेट. जुना डेक लॅपटॉपला जोडला. मारवा सुरू झाला, पंधराएक मिनिटं चांगला रंगला, आणि तान वर चढत असतानाच खट्. तिथून हट्टी सूर. मुलीने फोनवरचं ट्यूनर धरलं. काटा पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे थरथरत राहिला. टेप ताणली गेलेली, त्यामुळे एका जागी टिकेना, पण फटीतून बाहेरही जाईना. रेकॉर्ड केलेला तो आवाज स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या एका प्रोग्रॅमला दिला. पट्टे धावले, रंगीत. ‘आर टेप लोडिंग एरर.’ मुलगी म्हणाली, गेली फाइल. मी आवाज थोडा वाढवून ट्रेबल पूर्ण केलं आणि पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड केलं. मांडी हलवली नाही. पडद्यावर उमटलं: ‘प्रोग्रॅम: सरगम.’

आठ ओळी. तिसरीत ३.८५.

चालवलं. सा, रे, आणि गंधार दोन सेकंद. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, ‘काय रे, इकडे तानपुरा काळी एकवर आहे. ते तुझं चढव.’

मी आठही ओळींत एकेक मिळवला. ३.८५चे ४.८५ केले, आणि रन दाबलं.